दोन-दोन गोळ्या

१७ एप्रिल, शुक्र.

साडेअकराला प्रणालीचा रिपोर्ट हातात आला आणि तिथून माझं सगळं फिरलं. तिची आई, शोभामावशी, कागद घेऊन मेडिकलवर आली. "वाच रं, इंग्रजी हाय." वाचलं. लघवीच्या कल्चरमध्ये जंतूंची वाढ नाही.

"म्हंजे काय न्हाय निघालं. उगाच घाबरवलं पोरीला."

मीही हसलो. हसावं लागलं. सॅम्पल बुधवारी सकाळी दिलं. त्याआधी तेरा आणि चौदाला मीच तिला अँटिबायोटिकच्या दोन-दोन गोळ्या दिलेल्या. जयंतीच्या मिरवणुकीत चालायचं होतं तिला. "चौदाला मला जळजळ नकोय, बाकी मला काही माहीत नाही." जंतू तेवढ्यापुरते दबले, म्हणून कल्चरमध्ये आले नाहीत. गेलेले नाहीत. हे फक्त मला कळतंय.

१८, शनि.

सकाळी वडप्याला, प्रणाली कामाला असते त्या गोडाऊनच्या गेटवर तिला गाठलं. सगळं समजावलं.

"डॉक्टर मॅडमनी विचारलेलं, आधी काही घेतलंस का. आई बाजूलाच. नाही म्हटलं."

"मग आता सांग."

"काय सांगू? लग्न न झालेल्या पोरीला असलं दुखणं, वर चोरून गोळ्या, त्या पण तुझ्याकडून? तू तोंड उघडलंस ना, तर परत माझ्याशी बोलायचं नाही. कधीच."

गेली आत. चेहरा पिवळट. संडास गोडाऊनच्या पार दुसऱ्या टोकाला, सुपरवायझर घड्याळ बघतो, म्हणून ही बाई पूर्ण ड्युटी पाणीच पीत नाही. त्या सुपरवायझरला एकदा... जाऊ दे. त्याच्यावर ढकलून माझं सुटत नाही.

१९, रवि.

जानेवारीत पहिल्यांदा आली. काउंटरवर वाकून अगदी हळू बोलली. तेव्हाच गेलो कामातून. शेठ जेवायला गेले की मी कात्रीने स्ट्रिपमधून दोन गोळ्या कापून द्यायचो. दोन दिवस बरं, आठवड्याने परत. मग दुसरी गोळी. मग तिसरी, त्याहून जोरदार.

सरांशी भांडून डी.फार्म. अर्धवट सोडलं खरं, पण अँटिबायोटिकच्या तासाला मी बसलो होतो. अर्धवट औषधातून जे जंतू उरतात ते चिवट. माहीत होतं मला.

लिहूनच टाकतो. पूर्ण कोर्स घ्यायला लावला असता तर ती परत आली नसती.

२०, सोम.

एक माणूस दोन गोळ्या सुट्या मागत होता, त्याच्यावर ओरडलो. शेठ म्हणाले, "गिऱ्हाइकावर काय भुंकतोस? रोज तूच देतोस की."

दुपारी मावशी. प्र.ला थंडी वाजून ताप. "कल्चर साफ हाय, मग ताप कशाचा रं?" मॅडम आधी मलेरिया बघतायत. त्या कागदावर सगळ्यांचा भरवसा.

मग प्र.चा मेसेज : मागच्या वेळचीच दे दोन. पाठ मोडतेय. उजवीकडे, बरगडीखाली.

म्हणजे जंतू वर चढले, किडनीपर्यंत.

गोळी दिली नाही. 'मॅडमना सांग' लिहिलं. तिने ब्लॉक केलं.

२१, मंगळ.

सकाळी राहनाळला त्यांच्या घरी. मलेरिया नाही. प्र. भिंतीकडे तोंड करून पडलेली, श्वास भराभर. मला शिवीसुद्धा दिली नाही. काहीतरी पुटपुटत होती, गोडाऊनमधल्या कुठल्यातरी पेटीचा नंबर. मावशी म्हणाली, "अंग तापलंय अन् बोटं बघ कशी गार हायत. मॅडमना फोन लावलाय, दवाखान्यात घेऊन या म्हणाल्या."

तिथेच सांगायला हवं होतं. नुसती रिक्षा बोलावली. रिक्षात बसवून दिलं आणि पळत घरी आलो.

आता लिहून काढलंय. कोणती गोळी, कुठल्या महिन्यात, किती. तिसऱ्या गोळीचं नाव दोनदा गिरवलं, नीट वाचता यावं म्हणून. ह्यातलं आता काय लागू पडेल, काही पडेल का, ते मॅडमना तरी कळेल.

दवाखान्यात मावशी समोर असणार. असू दे. प्र. परत बोलणार नाही. बोलायला उठली तर पुरे.

आई विचारतेय, तोंड का उतरलंय, कुठे निघालास. कागद खिशात. दार ओढून घेतो.