साहेबांची टोपी उडाली तो रविवार

आबा, काल तुमच्या पणतूने मला विचारलं, आजोबा, तुम्हाला कुठला खेळ येतो? मी म्हटलं, गोल्फ. त्यावर तुमच्या सुनेला असा ठसका लागला की पोरांना धावत पाणी आणावं लागलं. तिला सगळं आठवतंय. एवढी वर्षं झाली, महाराज गेले, राज्य गेलं, पण माझ्या गोल्फचं नाव निघालं की ही बाई अजून पदर तोंडाला लावते. आणि मला सकाळपासून तुम्हीच दिसताय, धोतराचा काचा मारून, ती विलायती काठी दोन्ही हातांनी तोलत अंगणात उभे.

तुम्हाला त्या वेळी मी धड काही सांगितलं नव्हतं, म्हणून आता या कागदावर सांगतो. बडोद्याच्या कचेरीत बदल्यांची हवा होती आणि माझं नाव ओखामंडळाला लागणार हे जवळजवळ ठरलं होतं. मुलूख आपल्याच महाराजांचा, पण पार काठेवाडच्या टोकाला, समुद्राला लागून, गोड्या पाण्याचे हाल. इकडे घरात ही पहिलटकरीण, पोटुशी. आई गेलेली. हिचं माहेर डभोईला, म्हणजे हाकेच्या अंतरावर, आणि मी हिला घेऊन जाणार कुठे तर द्वारकेच्या पलीकडे! तिने मला स्वच्छ सांगितलं, "मी तिकडे बाळंत व्हायची नाही. साहेबाच्या पाया पडा, नाहीतर वाटेल ते करा." आता आमचे साहेब पाया पडून विरघळणारे नव्हते. माणूस गुजराती, पण विलायतेहून गोल्फचं वेड घेऊन आलेला, आणि राजवाड्याजवळच्या मैदानावर जो त्यांच्याबरोबर खेळे त्याची बदली म्हणून होत नसे. सगळ्या कचेरीला हे ठाऊक होतं. मी एक दिवस देवाचं नाव घेऊन म्हणालो, साहेब, मीपण शिकतोय. साहेब खूश. म्हणाले, "बहु सरस! तो पछी पुढच्या महिन्यात या एका रविवारी, बघूया तुमचा हात."

हात कसला बघतात कपाळ! मी जन्मात लेखणीपेक्षा जड काही उचललेलं नव्हतं, आणि तुम्हाला माझ्याबद्दल हेच तर दुःख होतं. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फौजेची चाकरी, तुमचा दांडपट्टा बघायला लहरीपुऱ्यापासून माणसं यायची, आणि त्या घरात मी निपजलो कारकून. लहानपणी मला पट्टा शिकवून पाहिलात आणि हात टेकलेत. पुढे मला हाकसुद्धा तशीच मारायचात, "अहो कारकून, पाणी तापलं का?" शेजारच्यांना वाटायचं, काय लाड करतात मुलाचे. मला मात्र ते बरोबर लागायचं, आबा.

तर मी कँपातल्या एका म्हाताऱ्या गोऱ्याकडे शिकायला जायला लागलो. तो पलटणीतून निवृत्त झालेला, हिंदी त्याची तोडकीमोडकी. "सिर नीचे! हिलो मत!" एवढंच ओरडायचा. तुम्ही दोन दिवस माझ्या मागोमाग आलात, लिंबाखाली बसून मिशीवर हात फिरवत बघत राहिलात. तिसऱ्या दिवशी घरी येताना म्हणालात, "हा माणूस तुला मारणार."

"का हो आबा?"

"वार करून उभा राहा म्हणतो! काठी वर, तोंड वर, फोटो काढायला बसल्यासारखा. अरे, मागून कोण येतंय ते कोण बघणार? तुझा साहेब?"

मी म्हटलं, आबा, हा खेळ आहे, मागून कोणी येत नसतं. तुम्ही म्हणालात, "ते येणाऱ्याने ठरवायचं."

झालं. त्या दिवसापासून सकाळी गोऱ्याची शिकवणी आणि संध्याकाळी तुमची. चेंडू हरवेल म्हणून तुम्ही बाजारातून लिंबं आणलीत. आधी जमिनीला हात लावून काठीला सलामी. मग पवित्रा. मग वार, आणि वार झाल्याबरोबर गर्रकन वळून मागच्याला दुसरा हात. "थांबलास की मेलास!" तुमचा आवाज अजून कानात आहे. एकदा माझं लिंबू भिंतीवरून पलीकडे गेलं आणि शेजारच्या काकी कडाडल्या, "अरे भाई, तमारुं लींबु मारी दाळमां पड्युं!" तुम्ही इकडून शांतपणे म्हणालात, "मग पिळून घ्या, काकी. मुलगा शिकतोय." मी शिकतोय, असं तुम्ही लोकांना सांगत होतात! हिला ओकाऱ्या होत होत्या आणि तरी ती ओसरीवर बसून खिदळत होती. घरात आई गेल्यापासून असा आवाज झाला नव्हता. खरंच, चांगले दिवस होते ते.

रविवारी तुम्ही पागोटं बांधून तयार. मी म्हटलं, आबा, तिथे घरचं माणूस नेत नाहीत. तुम्ही ऐकताय थोडेच!

मैदानावर साहेब आहेत, त्यांचे दोन मित्र आहेत, डोक्यावर सोला टोप्या आहेत. मी चेंडू ठेवतो. हात जमिनीला लावून कपाळाला लावतो. साहेब मित्राला हळूच म्हणतात, "धार्मिक माणस छे." आणि मग, आबा, काय सांगू, काठी अशी बसते! टण्ण! असा हात मला त्याआधी कधी लागला नाही आणि नंतरही नाही. इथे थांबायचं, गोऱ्याने शिकवलंय, सिर नीचे, हिलो मत. पण अंगात तुम्ही. मी गर्रकन वळलो, दुसरा हात सोडला, आणि कौतुकाने दोन पावलं पुढे आलेल्या साहेबांची टोपी उडून घरंगळत गवतात गेली.

साहेब टक्कल चाचपतायत. मला ओखामंडळचा समुद्र दिसायला लागला, त्याच्या काठावर बाळंतीण बायको दिसायला लागली. आणि तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला.

"शाब्बास रे माझ्या वाघा!"

पुढचं गाव जाणतं. साहेबांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? तुम्ही पुढे होऊन म्हणालात, "मी. टोपीच गेली ना? डोकं राहिलं, म्हणजे हात ताब्यात आहे पोराचा." साहेब असे हसले की खाली बसले. मग तुम्ही त्यांच्याच काठीने तिथे गवतावर पट्टा फिरवून दाखवलात, त्या वयात! दुसऱ्या दिवसापासून साहेब गोल्फ सोडून तुमच्याकडे शिकायला येऊ लागले. माझी बदली रद्द झाली. "आबांना तिकडची हवा मानवणार नहीं," असं साहेबांनी सांगितलं. मुलगी बडोद्यातच झाली, तुमच्याच मांडीवर मोठी झाली.

लोक मला अजून म्हणतात, टोपी उडाली तेव्हा तुझी काय गाळण उडाली असेल! मी मान हलवतो. उडाली होतीच. पण तुम्ही शाब्बास म्हणालात ना आबा, त्यानंतर मला साहेब, बदली, कसलीच पर्वा उरली नव्हती. त्या क्षणी हुकूम हातात दिला असता तर मी नाचत ओखामंडळाला गेलो असतो. बायको पोटुशी आहे, हेसुद्धा माझ्या डोक्यातून गेलं होतं.

हे मी हिला आजवर सांगितलेलं नाही आणि या वयात सांगायची छाती नाही. ती आतून हाक मारतेय, अंघोळीला या, बंब पेटवलाय. हा कागद आधी त्या बंबात घालतो, मग अंघोळीला बसतो.