टायर ठरेपर्यंत

२ मार्च, रविवार

आज सकाळी काय केलं ते लिहून ठेवतो. स्नान, पूजा, आणि पावणेसहाला गाडी काढली. शहराभोवतीच्या वळणरस्त्यावर त्या वेळी चिटपाखरू नसतं. तिथे गाडी उभी केली, देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला. शून्यावरून शंभर, चार सेकंदांत. मन निर्मळ झालं. पुन्हा दोनदा केलं.

हे रोज करत नाही. रविवार धरून आठवड्यातून सहा वेळा.

परतताना मागून घरघर. उतरून पाहिलं तर मागचे दोन्ही टायर गोटा. रबराच्या दर्जाबद्दल कंपनीला कडक पत्र लिहायचं.

३ मार्च, सोमवार

टायरवाल्याकडे गेलो. त्याने टॉर्च मारून पाहिलं. म्हणाला, साहेब, सिग्नल सुटल्यावर जोरात काढता का? मी म्हटलं, मी सात्त्विक माणूस आहे. म्हणाला, तुम्ही असाल हो, टायर नाहीत.

मग त्याने समजावलं. विजेची गाडी वजनाला भारी, त्यात सगळी ताकद एकदम चाकात उतरते. साधा टायर चालणार नाही. पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे, म्हणून अदलाबदलही नाही. यात तीन जाती: रस्त्याला चिकटून धरणारा, जास्त टिकणारा आणि आतून फोम लावलेला, आवाज न करणारा. तोवर गावात हळू चालवा, लांब जाऊ नका. हे शेवटचं वाक्य मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

संध्याकाळी बायकोचा फोन. ती लेकीकडे आहे. बाळंतपणासाठी दोन महिने म्हणून गेली होती. पुढे लेक कामावर जाऊ लागली, नात आजीशिवाय झोपेना, बघता बघता नऊ महिने झाले. म्हणाली, अहो, पोरगी धरून उभी राहायला लागली, या की एकदा. टायरची परिस्थिती सांगितली. दोनशे दहा किलोमीटर म्हणजे चेष्टा नाही. ती म्हणाली, बरं. तिचं ‘बरं’ मला आवडत नाही.

६ मार्च, गुरुवार

कारखान्यात तपासनीस म्हणून बावीस वर्षं काढली. मोजल्याशिवाय मी खिळाही पास केलेला नाही. टायरचा तक्ता केला. अकरा रकाने.

टायर हेच खरं कारण आहे, हे इथे स्पष्ट लिहितो. जावयाचा काही संबंध नाही. नात झाली त्या दिवशी मी याच गाडीने दवाखान्यात गेलो, तर सगळ्यांसमोर म्हणाला, बाबा, शर्यतीला निघालात की काय? लोक हसले. मी त्याच संध्याकाळी परत आलो. त्याने स्वतः बोलावल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवलं. राग नाही. तत्त्व आहे.

आजही स्वयंपाक दोघांचा झाला. अंदाज चुकतो. उरलेलं उद्या डब्यात नेईन.

९ मार्च, रविवार

तक्त्यात तिन्ही टायरना सारखेच गुण पडले. देवापुढे तीन चिठ्ठ्या ठेवल्या. निघाला टिकाऊ. पण तो पावसात घसरतो म्हणे. देवाला पुन्हा विचारायला हरकत नसावी. पुन्हा टिकाऊ. तिसऱ्यांदा त्याची चिठ्ठी काढून ठेवली आणि विचारलं, तेव्हा शांत टायर निघाला. हा कौल मानला.

तरी आठवडाभर विचार करतो. श्रद्धा असली तरी घाई नको.

१३ मार्च, गुरुवार

जावयाचा फोन. स्वतःहून. बाबा, येताय ना? तुमची गाडी मला चालवून बघायचीय. दवाखान्यातलं त्याला आठवतही नव्हतं. मीच नऊ महिने सांभाळून ठेवलं होतं.

म्हटलं, येतो, टायर झाले की लगेच. म्हणाला, टायरवाल्याला माझा नंबर द्या, मी मागे लागतो. फार पुढे-पुढे करतो.

फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीतच बसून होतो. काय बोलायचं तिथे जाऊन? नातीला मी कोण, हे कसं सांगायचं? नऊ महिन्यांत तिला आवाजसुद्धा ऐकवला नाही. फोनवर आली की मी नेटवर्क नाही म्हणतो.

पण आधी टायर.

१६ मार्च, रविवार

शांत टायरची ऑर्डर दिली, चारही. टायरवाला म्हणाला, आता गाडीत कुजबुजलात तरी ऐकू येईल. सध्या गाडीत बोलायला कोणी नसतं, पण सोय असलेली बरी.

पहाटेचा प्रयोग बंद. संकल्प केला.

१९ मार्च, बुधवार

आज एकदाच. जुने टायर असेही जाणारच आहेत.

२२ मार्च, शनिवार

टायर बसले. नवी नक्षी, काळंभोर रबर, हात फिरवावासा वाटतो. टायरवाला म्हणाला, नवीन टायर सुरुवातीला निसरडा असतो, पहिले दोनशे किलोमीटर जपून चालवा, मग कुठेही जा. मी विचारलं, म्हणजे लांब जाण्याआधी दोनशे करून घ्यायचे? तो म्हणाला, अहो, जाता जाताच होतील ना ते. पण तो पडला व्यापारी. तपासणी हे माझं क्षेत्र आहे.

उद्या टायर रुळवणार. मग कारण उरत नाही. म्हणजे, मग अडचण उरत नाही.

२३ मार्च, रविवार

साडेपाचला निघालो. वळणरस्त्याची एक फेरी साडेसतरा किलोमीटरची. बारा फेऱ्या मारल्या. वेग साठच्या वर नेला नाही. गाडीत इतकी शांतता की तिसऱ्या फेरीनंतर मी मोठ्याने स्तोत्र म्हणू लागलो. सातव्या फेरीला पेट्रोलपंपावरच्या माणसाने हात केला. मीही केला. बरं वाटलं.

दहा वाजता घरी. बॅटरी सात टक्के. काम चोख.

साडेदहाला लेकीचा फोन. गाडीचं ॲप तिनेच लावून दिलेलं, तिच्याही मोबाईलवर आहे. त्यात बॅटरी आणि किलोमीटर दिसतात, गाडी कुठे आहे ते दिसत नाही. म्हणाली, बाबा, कुठे पोचलात? किलोमीटर वाढताहेत ते पहाटेपासून बघतोय आम्ही. आईने तुमची खोली आवरली. न सांगता येताय म्हणून आम्हीही फोन केला नाही. दोनशे दहा झाले तेव्हा सगळे खाली फाटकाशी जाऊन उभे राहिलो.

मी म्हटलं, मी घरीच आहे. टायर रुळवत होतो.

मागे बायको विचारत होती, अगं, वळण चुकले का ते? विचार, विचार. कोणीतरी लहान ओरडत होतं. लेक म्हणाली, आई, वर चल.

नेटवर्क चांगलं होतं. मीच फोन ठेवला.

दिवसभर काही लिहिण्यासारखं घडलं नाही.

२४ मार्च, सोमवार

गाडी रात्री चार्जिंगला लावायला विसरलो. लावली असती, तरी नवे टायर लागोपाठ दुसऱ्या दिवशी तापवू नयेत, असं माझं मत आहे.

कारखान्यात रजा कळवली. बायकोला फोन करून सांगितलं की येतोय. या वेळी खरंच का, असं तिने विचारलं नाही. नुसतं म्हणाली, सावकाश या. फाटकाशी कोणी थांबू नका, असं मी सांगितलं.

सकाळची सहा दहाची बस धरली. मागच्या चाकावरची जागा मिळाली. फार हादरे बसतात, अक्षर नीट येत नाही.