रेवणच्या वाटेचा नकाशा

॥ श्री ॥
लातूर, ता. ३ मार्च १९८५

ती. अण्णांच्या चरणी,
संगप्पाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक आहोत. म्हणजे नळाला चार दिवसांआड पाणी येतं आणि त्या दिवशी ठीक असतो. उदगीरची आपली विहीर आटली, म्हणून नागम्मा अक्काला इथेच आणलं आहे. सदुसष्टाव्या वर्षीही ती तुमच्या भावजयीला, जगदेवीला, घागर उचलू देत नाही. नवरा गेल्यापासून माहेरासाठी राबली, आता माझ्या घरासाठी राबते.

तुम्हाला हसू येईल अशी एक गोष्ट कळवतो. जिल्हा नवा झाला तरी ऑफिसातले नकाशे जुनेच, त्यामुळे आम्हा ट्रेसर लोकांना हद्दीवरच्या गावांतून हिंडवतात. दुष्काळी कामावरचे रस्ते, तलाव कागदावर उतरवायचे. हिंडता हिंडता उरलेल्या ट्रेसिंग कागदावर मी आणखी एक नकाशा सुरू केला. तुमच्या बारा पुस्तकांतला जासूस रेवण निजामाच्या अमलात जिथे जिथे गेला, तिथे लाल ठिपका. आतापर्यंत एकोणीस झाले. उदगीरच्या किल्ल्यातली फुटकी कमान, कंधारच्या खंदकाकडेची वाट, सगळं तुम्ही लिहिलंय तसंच आहे. नवल एवढंच, की त्या काळात तुम्ही आप्पांच्या कापडदुकानाच्या गादीवरून उठत नव्हता. झुरळ दिसलं तरी अक्काला हाक मारणारा माणूस ठाण्याची पायरी न पायरी कशी सांगतो, असं जगदेवी विचारते. रागावू नका.

वहिनींना नमस्कार. तुमच्या नदीला पाणी आहे तोवर माझ्यावर मायाही असू द्या.

तुमचा
संगप्पा


नांदेड, ता. १२ मार्च १९८५

चि. संगप्पास महादेवप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि तुझ्या वहिनीलाही ऐकवलं. बारा पुस्तकं लिहून झाली, पण कुणी त्यांच्या मागे पायी हिंडेल असं वाटलं नव्हतं. जगदेवीला सांग, लेखकाला जाऊन बघावं लागत नाही. डोळे मिटले की दिसतं.

येत्या सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, इथलं एक वाचनालय माझा सत्कार करणार आहे. नकाशा तोवर स्वच्छ शाईत पुरा कर. सभागृहात लावू, खाली तुझं नाव घालू. अक्काला मात्र त्या जुन्या दिवसांचं काही विचारत बसू नको. वय झालं तिचं, उगीच त्रास होतो.

उन्हात टोपी घालत जा. घरच्या सर्वांना माझी आठवण सांग आणि आम्हालाही आठवणीत असू दे.

तुझा अण्णा


लातूर, ता. ९ एप्रिल १९८५

ती. अण्णांना
शि. सा. न. वि. वि.

विसावा ठिपका सापडला! सातव्या पुस्तकातली ती पायऱ्यांची विहीर, जिच्या पाचव्या पायरीखालच्या कोनाड्यात रेवण काडतुसं ठेवतो. ती कंधारकडच्या हद्दीवर खडकवाडीला आहे. उन्हाळा सोडला तर पाचवी पायरी पाण्यात असते. औंदा विहीर तळापर्यंत कोरडी, म्हणून मी उतरलो. कोनाडा आहे. आत हात घातला तर कोपरापर्यंत गेला.

वर आलो तर शेषेराव नावाचे एक म्हातारे उभे होते. म्हणाले, ही दगलबाज सरजीची विहीर. मला वाटलं, तुमच्या पुस्तकातली, सोन्याच्या बोरमाळेसाठी रेवणला पकडून देणारी सरजी म्हणत असतील. पण त्यांनी गावातलं घरच दाखवलं. सरजाबाई म्हणून खरीच बाई होती. अट्ठेचाळीस साली याच विहिरीवर निजामाच्या सिपायांकडून पकडली गेली, पाच महिने तुरुंगात होती. सुटून आली तेव्हा गावानं ओवाळलं. पण ती पकडली गेली त्याच आठवड्यात निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीतले दोघं मारले गेले होते, त्यामुळे काहींच्या मनात किंतु होता. एकसष्ट साली तुमचं पुस्तक चावडीवर मोठ्यानं वाचलं गेलं. विहीर तीच, पायरी तीच, नावही जवळपास तेच. लोक म्हणाले, लिहिणाऱ्याला ठाऊक असल्याबिगर लिहील का? नवऱ्यानं, अमृतरावानं, तिला माहेरी भोकरला नेऊन घातलं. परत आणलं नाही. पुढं तो वारला, तेव्हाही तिला कुणी कळवलं नाही.

हा योगायोग असेल तर फार वाईट योगायोग आहे. तुम्ही गावाला दोन ओळी लिहाल का, की हे सगळं कल्पनेतलं आहे म्हणून? शेषेरावांना वाचून दाखवीन.

उत्तराची वाट बघतो. लोभ आहेच, तो वाढावा.

संगप्पा


नांदेड, ता. १६ एप्रिल १९८५

चि. संगप्पास आशीर्वाद.

घाईत लिहितो. खडकवाडीला पुन्हा जाऊ नको. तो ठिपका खोडून टाक, नकाशा कंधारला संपू दे. खेड्यातले लोक काय वाटेल ते बोलतात. बारा पुस्तकांत शंभर माणसं आली, प्रत्येकाच्या नावाची बाई कुठे ना कुठे असणारच. आणि हे अक्काच्या कानावर अजिबात घालू नको. माझी शपथ आहे.

तुझा अण्णा


लातूर, ता. २ मे १९८५

अण्णा,
नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी दौऱ्यावर होतो. कार्ड उघडंच. जगदेवीनं ते नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं आणि अक्का समोर शेंगा फोडत बसली होती. तुमची शपथ अशी मोडली.

मी आल्यावर अक्कानं नकाशा मागितला. तिला अक्षर येत नाही, तरी ठिपक्यांवर बोट ठेवून एकेक गाव सांगत गेली. किल्ल्याची कमान, खंदक, सगळं. एक ठिपका चुकला होता, तो तिनं नदीच्या पल्याड सरकवायला लावला. मी विचारलं, तुला कसं ठाऊक? तर म्हणाली, मी गेलते म्हनून. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. अक्का नातेवाइकांकडे राहून येते एवढंच मला माहीत. तांदूळ-डाळीच्या गाठोड्यात निरोप आणि काडतुसं नेत होती, हे सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. रेवण म्हणजे आपली अक्का. त्याचं मला वाईट वाटलं नाही, अभिमानच वाटला.

मग ती खडकवाडीवर आली. सरजाबाई तिची जोडीदारीण. त्या दुपारी अक्का निरोप घेऊन कंधारात शिरली. सरजाबाई काडतुसांचं गाठोडं घेऊन विहिरीवर थांबली. तुम्ही उदगीरहून सरकीची बंडी घेऊन यायचं आणि पोत्यांखाली गाठोडं घालून न्यायचं, असं ठरलं होतं. तुम्ही आला नाही. सिपाही आले. अकरा दिवस ठाण्यात मारलं तिला, एक नाव सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पहिली अक्का गेली असती.

आणि अण्णा, अक्कानं हे सगळं तुम्हाला सांगितलं ते कशासाठी? सरजाचं नाव पुस्तकात यावं म्हणून. तुम्ही तिला ते प्रकरण वाचूनही दाखवलं होतं. त्यात सरजी मरेस्तोवर तोंड उघडत नाही, असं अक्काला चोवीस वर्षं वाटत आलं. मी काल छापलेलं वाचून दाखवलं. मध्येच म्हणाली, थांब, हे दुसरं पुस्तक हाय. नाही म्हटलं, हेच. काल दुपारपासून जेवली नाही.

कळवा, असं का केलंत.

संगप्पा


नांदेड, ता. २० मे १९८५

चि. संगप्पा,

पाच कागद फाडले, हा सहावा.

बंडी घेऊन मी निघालो होतो. वाटेत सिपायांची तुकडी दिसली आणि परत फिरलो. बावीस वर्षांचा होतो. भ्यालो. घरी सांगितलं की चाक मोडलं. अक्कानं ते खरं मानलं, आणि त्यानंतर तिच्यासमोर बसताना मला कधी बरं वाटलं नाही.

पुस्तक लिहायला बसलो. रेवण पकडला गेला पाहिजे, तर कुणी तरी घात करायला हवा. खरं लिहायचं तर बंडीवाला भाऊ येत नाही असं लिहावं लागलं असतं. अक्काला मी पहिलं लिहिलेलंच वाचून दाखवलं होतं, त्यात खोट नव्हती. नंतर छापखान्याला देताना बदललं. प्रकाशक म्हणत होता, फितूर बाई असली की पुस्तक चालतं. मी हो म्हटलं. सरजाबाईला कुणी ओळखेल असं मला वाटलं नाही. तिच्या घराचं काय झालं ते मला तुझ्या पत्रातूनच कळलं, यावर विश्वास ठेव.

सोबत वेगळ्या कागदावर सही करून लिहून दिलं आहे, की सरजाबाईनं कुणाचाही घात केला नाही, सातव्या पुस्तकातली ती गोष्ट मी बनवली. गावाला वाच. एवढीच विनंती, सत्कार होईपर्यंत नांदेडात कुणाला कळू देऊ नको. अक्काच्या पायावर माझं डोकं ठेव.

अण्णा


लातूर, ता. १८ जून १९८५

अण्णा,
नमस्कार.

कागद घेऊन खडकवाडीला गेलो. चावडीवर पंधरा-वीस माणसं जमली, बाकीची रस्त्याच्या कामावर. वाचलं. शेषेरावांनी कागद हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, ते छापेल हाय अन् हे हातानं लिवलेलं. खरं कोन्तं धरावं? मी म्हटलं, लिहिणारा एकच आहे. तर एक जण म्हणाला, मग तो तवा खोटा का आता खोटा? कागद मारुतीच्या देवळात चिकटवून आलो. दोघीतिघी बाया तेवढ्या येऊन विचारून गेल्या, की ती जिती हाय का.

तिथून भोकरला गेलो. सरजाबाई भावाजवळ राहतात. सत्तावन्न वर्षांच्या आहेत, दुष्काळी कामावर खडी फोडतात. माझं नाव, अक्काचं नाव सांगितलं. अक्का जिवंत आहे ऐकून हातोडी खाली ठेवली. तुमचा कागद वाचून दाखवला, नकाशाही पसरला. त्या रडतील, शिव्या देतील, असं वाटलं होतं. कागद त्यांनी बाजूला सारला. नकाशावरच्या विहिरीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, बंडी कुठून परतली, तेवढं त्यायला इचारा.

तेवढंच कळवा.

संगप्पा


नांदेड, ता. २९ जून १९८५

संगप्पा,

खडकवाडीच्या अलीकडे ओढा आहे. ओढ्याच्या या अंगाला चिंच होती, अजून असेल. तिथून.

तिथून विहीर दिसते. ती काठावर उभी होती. तिनं हात वर केला होता. सिपाही तेव्हा ओढ्याच्या वरच्या अंगाला होते, तिला दिसत नव्हते, मला दिसत होते. मी ओरडलो असतो तर तिला ऐकू गेलं असतं. ती गाठोडं टाकून पळाली असती. मी बैल वळवले.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुला वाटेल ते कर.

महादेवप्पा


लातूर, ता. ११ जुलै १९८५

अण्णा,

तुमचं पत्र सरजाबाईंना जसंच्या तसं वाचून दाखवलं. चिंच आली तशी मान हलवली. हाव, तिथूनच, म्हणाल्या. त्यांना बंडी दिसली होती. एका बैलाचं शिंग मोडकं होतं, त्यावरून आपली बंडी ओळखली होती. वळताना पाहिली, तेव्हाच काही तरी आहे हे समजल्या, पण तोवर सिपाही काठावर आले होते.

वळलेल्या बंडीची धूळ सिपायांनीही बघितली होती. काडतुसं तर त्यांना मिळालीच होती. अकरा दिवस त्यांनी एकच विचारलं, बंडी कोनाची? त्या म्हणत राहिल्या, तिकडला कोनी सरकीवाला असंल, मला न्हाई ठावं. डाव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत. मी ती बोटं मागच्या खेपेलाही पाहिली होती, खडी फोडून झाली असतील असं धरून चाललो होतो.

मी विचारलं, सगळं ठाऊक होतं तर मला नांदेडला विचारायला का लावलंत? म्हणाल्या, खरं सांगतो का बघायचं व्हतं. मुकादमानं हाक मारली, तशा उठल्या.

अक्काला हे सांगितलं. ती म्हणाली, म्हंजी सरजा माझ्यासाठी न्हाई, त्याच्यासाठी मार खात व्हती. आणि भोकरची बस कितीला असते ते विचारलं. सदतीस वर्षांत ती तिकडे फिरकली नव्हती.

उद्या सकाळी मी तिला घेऊन जातो आहे. तुम्ही येऊ नका.

संगप्पा