ऑलिव्हं कोणती घ्यावीत, आणि तुमची धाकटी बहीण

ताईंना कोपरापासून नमस्कार.

तुमच्या घोट्याची फार काळजी लागून राहिली आहे. प्लास्टर निघाल्याचं कळलं. आता सूज कितपत आहे, पाचही बोटं वळतात का, जिना एकटीने उतरता येतो का, ते सविस्तर कळवावं. (तुमच्या तब्येतीची एवढी चौकशी मी पूर्वी कधी केलेली नाही, हे तुमच्या लक्षात येईल. ते सोडून द्या.) पडदे काढायला स्टुलावर चढू नये हे तुम्हाला सांगणारा मी कोण? पण पडलात तुम्ही तिथे आणि लंगडतोय मी इथे, एवढंच म्हणतो.

इकडचं म्हणाल तर तुमची धाकटी तुमच्याकडे आल्यापासून माझं सगळं व्यवस्थित चाललं आहे. घर वर आणि दुकान खाली, त्यामुळे जेवायला वर जावं लागतं, म्हणून मी जातच नाही. पाव आणि उकडलेलं अंडं कापडं बेतायच्या टेबलावरच खातो. मशीन चालवताना पाय मधेच आपोआप थांबतात. वर कुणी चालतंय का, खुर्ची सरकवल्याचा आवाज येतोय का, म्हणून कान तिकडे लागतात. मग आठवतं की वर कुणी नाही, आणि शिवण वाकडी जाते. परवा एका वकिलांच्या पँटीचे दोन्ही पाय डावे शिवले. वकील समजूतदार आहेत, पण पँटीत शिरताना समजूतदारपणाचा उपयोग होत नाही.

ऑलिव्हांचं प्रकरण सुरू झालं ते तिच्या गेल्या रविवारच्या फोनपासून. ती तुमच्या पायाबद्दल सांगत होती, मागून तुम्ही काहीतरी बोललात, आणि ती हसली. अशी हसली की तिच्या हातून फोन पडला. तुम्ही काय बोललात ते कळलं नाही (माझ्याबद्दल असेल तर माझी हरकत नाही), पण ते हसू ओळखीचं वाटलं. आमच्या घरात पूर्वी ते असायचं. मधे कधी दिसेनासं झालं ते माझ्या ध्यानात आलं नाही, आणि आता तुमच्याकडे सापडलं. फोन ठेवल्यावर मनात आलं, ही तिथेच रमली तर? परत यावंसं वाटेल असं इथे आहे तरी काय? एक नवरा आहे, पण तो तिने पाहिलेला आहे.

तेव्हा मला ते सॅलड आठवलं. तुमच्या मुलीच्या लग्नातलं. आम्ही दोघं खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो होतो, तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, असं परत कधी मिळणार हो? मी तेव्हा काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा तोंडात घास होता. पण सॅलडात ऑलिव्हं होती, हे पक्कं आठवतं, कारण जन्मात पहिल्यांदा मी ती खाल्ली होती. ठरवलं की ती यायच्या दिवशी हेच सॅलड तयार ठेवायचं. बाकी पाला, टोमॅटो, काकडी काय, सरळ मामला. प्रश्न फक्त ऑलिव्हांचा.

आमच्या रस्त्याच्या टोकाला चीज आणि खारवलेल्या फळांचं दुकान आहे. गेलो. ताई, मला वाटलं होतं ऑलिव्हं दोन प्रकारची असतात, हिरवी आणि काळी. तिथे काचेमागे ओळीने कुंडे मांडलेले. हिरवी टणक, हिरवी ठेचलेली, पोटात लाल मिरची भरलेली, टोकदार जांभळी, काळी गुळगुळीत आणि काळी सुरकुतलेली (ही पाहून मला माझ्या आत्याची आठवण झाली). मी तर बटणांच्या दुकानात गेल्यासारखा हरखून पाहत राहिलो. दुकानदाराने विचारलं, सॅलडात आणखी काय घालणार? कारण म्हणे मऊ चीज असेल तर जांभळी, संत्र्याच्या फोडी असतील तर सुरकुतलेली, नुसता पाला असेल तर हिरवी. सारखं सारखं खारट एकत्र आलं की जिभेचं वाटोळं होतं. मी डोळे मिटून लग्नातलं ताट आठवू लागलो. ताट काही येईना. आली ती तिची पिवळी बाही. ती बाही मीच शिवली होती, मनगटाशी बारीक चुण्या आणि शिंपल्याची बटणं. ती काटा उचलायची तेव्हा चुण्या मागे सरायच्या आणि हाताचं हाड दिसायचं. हे सगळं मी दुकानदाराला सांगितलं. मागे रांग लागली होती. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, बाहीबरोबर कुठलीही चालतील."

तेव्हा मी सगळीच थोडी थोडी घेतली.

चाखायला कुणीतरी हवं होतं. तेवढ्यात, ज्यांचे कोट मी शिवतोय त्या बँडमधला क्लॅरिनेटवाला पांढऱ्या कोटाचं माप बघायला आला. त्याला कोट घालून उभा केला आणि एकेक ऑलिव्ह पुढे केलं. हिरव्याला तो म्हणाला, सूर चढा आहे. सुरकुतलेल्याला म्हणाला, कडू आहे पण मनात राहतं. (कलावंत माणूस, सरळ बोलायचं नाही.) ठेचलेल्यातही बी असते हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं. तो दचकला, दातांवर हात गेला, आणि बोटांवरचं तेल कोटाच्या छातीवर. डाग काही केल्या निघेना. शेवटी मी त्यावर एक खिसा शिवून टाकला. खिसा इतका शोभला की आता अख्ख्या बँडला तो हवा आहे.

मग मी सॅलड केलं. ऑलिव्हं पाण्यात घालून खारटपणा उतरवायचा असतो, हे मला खाल्ल्यावर कळलं. दोन ताटं मांडली होती. दुसरं का मांडलं, ते विचारू नका. माझं संपवून तिच्या ताटासमोर बराच वेळ पाणी पीत बसलो.

तर असं आहे. घरी सगळ्यांना नमस्कार. सगळे म्हणजे तुम्हीच दोघी, पण सांगावं.

तुमच्या धाकटीचा नवरा

ता. क. हे पत्र तिला दाखवू नका.

ता. क. गप्पांच्या ओघात, माझं नाव न घेता, लग्नातल्या सॅलडात कोणती ऑलिव्हं होती ते तिच्याकडून काढून घ्या. मी आपलं सहज विचारतोय.

ता. क. वरचं रद्द समजावं. पाकीट चिकटवणार तोच तिचा फोन आला आणि मला राहवेना, मीच विचारलं. ती म्हणाली, "ऑलिव्हं? मला ती अजिबात आवडत नाहीत. सगळी वेचून तुमच्याच ताटात टाकली होती." मग मी विचारलं, तर 'असं परत कधी' म्हणालीस ते कशाबद्दल? ती म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही दुकान बंद ठेवून माझ्याशेजारी बसला होतात."

मी परत कधी येतेस म्हणून विचारलं. ती म्हणाली, मी कशाला सांगू, ताईला विचारा.

ताई, विचारतोय.