डावी बाजू बारीक

३ ऑग., रवि.
नवा अॅम्प्लिफायर एकदाचा आला बंगळूरहून. लावून द्यायला गावातल्याच विजयनगर भागातले राव आले. गाण्याच्या यंत्रांचा नाद रावांना नि मला, दोघांनाच. हे पेपरात तोंड खुपसून. गच्ची गळतेय नि मी दुरुस्तीच्या पैशांचा हा डबा आणला, हा ह्यांचा राग. "मोबाइलवर पण तेच गाणं लागतंय की!" राव हसले, "तेच नाही, सार." झालं, अर्धा तास वाद.
मला वेगळीच धास्ती. डाव्या बाजूचा आवाज अजून बारीकच. त्याच्यासाठी तर जुना काढून हा घेतला. राव म्हणाले, "दोन्ही सारखे आहेत, अक्का." मग मलाच का बारीक येतोय?

६, बुध.
शाळेतून आल्याबरोबर वायरींची अदलाबदल केली. डावीच बारीक. रावांना फोन. त्यांचं मत, वायर हलकी आहे, भारीतली घ्या. ह्यांनी ऐकलं. "आता वायर पण? अय्यो!"

९, शनि.
खुर्ची उलटी फिरवून बसले, स्पीकरांकडे पाठ. म्हणजे डावा स्पीकर आता माझ्या उजव्या हाताला. तरी डावीच बाजू बारीक.
उठून सगळं बंद केलं.
यंत्रात काही नाही. माझ्यातच आहे.
फोन नेहमी उजव्या कानाला लावते, म्हणून इतके दिवस कळलं नाही. आज डाव्या कानाला लावला. बहीण बोलत होती, भिंतीपलीकडून बोलावं तशी.

१०, रवि.
ह्यांना सांगितलं. वाटलं, म्हणतील, बघ, सुम्ने, उगाच पैसे घालवलेस. तसं काही म्हणाले नाहीत. हात पुसत आले, माझा उजवा कान दाबून धरला नि डाव्याशी काहीतरी पुटपुटले. "काय म्हणालो, सांग." सांगता आलं नाही. ह्यांचा चेहरा एकदम उतरला.

११, सोम.
आमच्या कुवेंपुनगरातल्याच कानाच्या डॉक्टरबाई. तपासून म्हणाल्या, आतली नस. "लवकर यायला हवं होतं. पहिले दिवस मोलाचे असतात." ते दिवस मी कुठला अॅम्प्लिफायर घ्यावा ह्यात घातले.
गोळ्या दिल्यात. आठवड्यानं पुन्हा तपासणी. "परत येईल का ऐकू?" "नोडोणा." बघू, एवढंच. दुसऱ्या कानाचं विचारायचं होतं. धीर झाला नाही.

१४, गुरु.
रावांना फोन. यंत्र तुम्हीच विकत घेऊन जा, एका कानाला एवढं काय करायचंय. लगेच हो म्हणाले. रविवारी येणार.
ह्यांना कळल्यावर केवढे भांडले! "कोणाला द्यायचं नाही." मी म्हटलं, गच्चीचं काय? "गळू दे गच्ची. ऐकू येतंय तोवर ऐक तू." 'तोवर' तोंडातून गेलं नि दचकले. मीही.
उलटंच झालंय सगळं. आता मला खर्च डाचतो, ह्यांना नाही.

१७, रवि.
गोळ्यांनी झोप नाही. वर्गात डाव्या बाकांवरची मुलं हात वर करतात तेव्हाच कळतं, कोणीतरी बोलतंय.
सकाळी व्हायोलिनची तबकडी लावली. शेवटचीच म्हणून. हे खुर्ची ओढून माझ्या उजवीकडे बसले. "डावीकडं काय वाजतंय ते मी सांगतो." ह्यांना व्हायोलिन कुठलं नि तंबोरा कुठला, ठाऊक नाही. "आता टण् टण्. आता कुंई कुंई... आता बरं वाटतंय." हसले. मग हसणं कुठं गेलं कळलं नाही.
तेवढ्यात बेल. राव. हे दाराशी जाऊन वळले, "काय सांगू त्यांना?"
"आधी बसा म्हणा."
राव बसले. कॉफी झाली. पावसाचं, बागेचं, सगळं बोलून झालं. यंत्राचं कोणीच काढलं नाही. रिकाम्या हातांनी गेले.
उद्या तपासणी. हे रजा टाकून येताहेत. नको म्हटलं. ऐकलं नाही.