माझ्या प्रतिज्ञा मीच म्हणणार

सेक्टर १०, भिलाई
४ फेब्रुवारी २०२४

ती. चंपतमामांस आम्रपालीचा सविनय जयभीम.

फोनवर माझा शब्द अडकला की तुम्हीच तो पुरा करता, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. आई म्हणाली, लग्नात माझ्या प्रतिज्ञा सुजाताने म्हणाव्यात असं तुम्ही बौद्धाचार्यांना सांगून मोकळे झालात. मला विचारलंत? लग्न माझं की धाकट्या बहिणीचं?

सगळ्यांबरोबर त्रिशरण म्हणताना मी कधी अडकत नाही. एकटीवर बोलायची वेळ आली, त्यात कुणी ‘श्वास घे, घाबरू नको’ म्हणत तोंडाकडे पाहत बसलं, की शब्द अडकतो. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या दुर्गच्या बाई सांगतात, शब्द हलकेच सुरू कर, अडकलीस तर लपवू नको; ऐकणाऱ्याने फक्त धीर धरावा. माझी तयारी चालू आहे. तुम्ही तुमची करा.

राग आहे तसा लोभही आहे, तो असू द्या.

तुमची आम्रपाली

भंडारा
११ फेब्रुवारी २०२४

चि. आम्रपालीस मामाचे आशीर्वाद.

पत्र वाचून डोकं फिरलं. मी काय तुझा वैरी आहे? साक्षगंधात अंगठी घालण्याआधी नाव सांगताना तू अडकलीस, तेव्हा मागच्या बाया फिदीफिदी हसल्या. मी ऐकलं ते. तुझे बाबा गेल्यापासून तुला कुणी हसलेलं मला खपत नाही.

हट्टच असेल तर म्हण. पण मी वडिलांच्या खुर्चीवर बसणार नाही, दारात उभा राहीन. तुझी फजिती जवळून पाहायची ताकद माझ्यात नाही.

आईला जप, स्वतःलाही.

चंपतमामा

भिलाई
३ मार्च २०२४

ती. मामांस जयभीम.

लग्नातून न जेवता निघून गेलात, म्हणून पत्रातून भांडते आहे. तिसऱ्या प्रतिज्ञेत मी अडकले, नरेशकाकांनी मागून शब्द पुरवला, आणि तुम्ही दारातून गरजलात, की चूप बस रे, तिले बोलू दे! सगळे डोळे माझ्यावर. मामा, त्याने मी आणखीच अडकले! पराग मात्र शेजारी नुसता उभा राहिला, नवरा असून मदतीला धावला नाही, तेवढं बरं केलं. मी तो शब्द सोडून दिला, पुन्हा हलकेच धरला, आणि तो माझ्याच तोंडून आला. पाचही प्रतिज्ञा मी म्हटल्या.

वळून पाहिलं तर तुम्ही दारात नव्हतात. फोटोत ती खुर्ची रिकामी आली आहे. इतका राग होता तर माझ्यासाठी ओरडलात कशाला? आणि ओरडलात, तर पाचवी ऐकून तरी जायचं.

रागावलेली, तरी तुमचीच,
आम्रपाली