गोठ्याच्या माथ्यावरची फट

आबा,

आज रविवार, आणि मुकुंदवाडीच्या या घरात सकाळपासून वारा नाही. खिडक्या दोन आहेत, पण दोन्ही एकाच भिंतीला. तुम्ही इथं कधी आला नाहीत. आला असतात तर चपला काढायच्या आधी समोरची कोरी भिंत बघून हसला असतात. मी लोकांना हवेशीर पॉलिहाऊस बांधून देते आणि स्वतः घामाघूम होऊन पंख्याखाली बसते. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. सुट्टीच्या दिवशी दूधवाल्याशी दोन शब्द होतात, तेवढंच काय ते बोलणं. म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं.

शेंद्र्याच्या शेतातला आपला गोठा सारखा आठवतो. माथ्यावरचे दोन पत्रे तुम्ही एकमेकांना मिळू दिले नव्हते. मधे वीतभर फट, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून तिच्यावर उंच बसवलेला तिसरा पत्रा. संध्याकाळी डासांसाठी गोवरी पेटवायचात आणि दारात उकिडवे बसून धुराकडे बघत राहायचात. तो सरळ वर चढून फटीतून निघून गेला की मगच तंबाखूची पिशवी सुटायची. धूर खाली रेंगाळला तर दुसऱ्या दिवशी पत्रा हललाच म्हणून समजायचं. म्हशींची एवढी काळजी करता, माझ्या चुलीकडंही बघा जरा, असं आई म्हणाली, तेव्हा तुम्ही मुकाट्यानं स्वयंपाकघराचाही एक पत्रा उचलून दिलात. मला ते सगळं गावंढळ वाटायचं. खोटं कशाला बोलू.

मग मी इंजिनिअर होऊन आले आणि आपल्याच रानात पॉलिहाऊस उभं केलं. चारी बाजूंनी प्लास्टिकनं बंद, एका टोकाला हवा गार करणारे ओले पॅड, दुसऱ्या टोकाला ती ओढून घेणारे मोठे पंखे. तुम्ही आत एक चक्कर मारलीत, मान वर करून छत बघितलंत आणि म्हणालात, "समदं झाकून टाकलं माय. लाईट गेली तर उकाडा जाईल कुठून?" आबा, हा गोठा नाही, असं मी म्हणाले, वर हसलेही. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, पोरीनं बांधलंय. आणि आत जाताना देवळात जावं तशा चपला बाहेर काढायचात.

तो मे महिन्यातला दिवस. ढोबळी मिरची फळांवर आलेली. जनरेटरची बॅटरी उतरली होती, ती घेऊन मी शहरातल्या दुकानात बसलेय. तुमचा फोन येतो. लाईट गेली, आत उभं राहवत नाही, बाजूचं प्लास्टिक विळ्यानं फाडू का, असं विचारता. मी म्हणते, अजिबात नाही, बाहेरची झळ आत येईल, फुलकिडे येतील, लाईट येईलच इतक्यात, कशाला हात लावू नका. लाईट काही येत नाही. मला पोचायला दीड तास लागतो. तुम्ही आत आहात, सदरा अंगाला चिकटलेला, पायाशी पाणी शिंपडून रिकामी झालेली बादली, हातात विळा. झाडं माना टाकून उभी आहेत. माझा तोल जातो. एवढं सगळं कळतं तुम्हाला, मग फाडलं का नाही, म्हणून मी ओरडते. तुम्ही विळा हळूच खाली ठेवता.

"तू नको म्हणली व्हतीस."

दुसऱ्या दिवशी भावकीतली माणसं बघायला आली. काय झालं म्हणून विचारलं, तर माझ्या तोंडून निघून गेलं की फोन लागला नाही आणि आबांना काही सुधरलं नाही. तुम्ही बाजेवर बसला होतात, हातात चहाची बशी होती. माझ्याकडं एकदाच बघितलंत आणि चहा पिऊन टाकलात. म्हाताऱ्याला मशीनमधलं काय कळतंय, असं गाव म्हणू लागलं. आईनंही तुम्हाला किती दिवस त्यावरून टोचलं. तुम्ही एका शब्दानं खरं सांगितलं नाहीत, पण त्यानंतर पॉलिहाऊसच्या दारातूनच परत फिरायचात. गेलात तेव्हाही लोक तीच गोष्ट काढत होते.

आता माझ्या सगळ्या पॉलिहाऊसला माथ्यावर फट असते, वाऱ्याकडं पाठ केलेली, आणि बाजूंना गुंडाळून वर घ्यायचे पडदे. पंखे नाहीत. किडे अडवायला लावलेल्या जाळीवरची धूळ झाडत जा, नाहीतर वारा अडतो, एवढं शेतकऱ्यांना बजावून सांगते. ताब्यात देण्याआधी मधोमध गोवरी पेटवते आणि उकिडवी बसते. कामावरची पोरं हसतात, फोटो काढतात. धूर वर जाऊन निघून गेला की मगच उठते. हे कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी कॉलेजचं नाव सांगते. आपली मिरची कशी गेली असं विचारलं, तर अजूनही तेच सांगते, फोन लागला नव्हता.

हे पत्र कुठं टाकणार? घडी घालून तुमच्या विळ्याखाली ठेवीन. आईला सांगायचं राहिलं, गावाला सांगायची हिंमत नाही, आणि तुम्हाला तर सांगायची गरजच नाही. तरी एकदा माझ्या हातानं लिहून ठेवते. फोन लागला होता, आबा. पहिल्याच रिंगला मी उचलला होता.